सुखरूपचा शिक्का

आपत्ती खात्याच्या साहेबांना सगळं शहर पाठीमागे भोंगा म्हणायचं. तोंडावर म्हणायची छाती फक्त दोन बायकांची होती. एक त्यांची आई आणि दुसरी त्यांची विहीण. आई लाडाने म्हणायची.

विहीण म्हणजे सरकारी दवाखान्याची मोठी डॉक्टरीण. तिलाही लोकांनी नाव ठेवलं होतंच, फिनेलबाई. ती रस्त्याने गेली की मागे फिनेलचा वास रेंगाळायचा, आणि तो वास आला की माश्या पोराबाळांसकट वेशीबाहेर मुक्कामाला जायच्या असं सांगतात. माश्यांची साक्ष कुणी काढलेली नाही. पण तिच्या दवाखान्यात माशी पाहिली म्हणणारा माणूसही अजून जन्मायचा आहे.

दोघांचं वैर तसं जुनं नव्हतं, पण मुरलं लवकर. मुलीचं ठरवायला ती भोंग्याच्या घरी गेली, तेव्हा सगळे दिवाणखान्यात गोड गोड बोलत बसले होते, आणि ही बाई शिडी लावून गच्चीवर चढली. टाकीचं झाकण उचलून तिने आत डोकं घातलं आणि वरूनच ओरडली, "टाकीत पाल मेलीय! मुलगा मला पसंत आहे, पण पाणी उकळून घेत जा!" खाली पाहुणे नेमके सरबत पीत होते. लग्न झालं, पाल निघाली, भोंग्याच्या पोटातला अपमान मात्र कुठल्याच औषधाने निघाला नाही. फिनेलबाईलाही तो काढायची घाई नव्हती. आपलं काही चुकलं असं तिला त्या दिवशीही वाटलं नव्हतं आणि नंतरही कधी वाटलं नाही.

नदी फुगायच्या आधी दरसाल आपत्ती खात्यात बैठक व्हायची. होडीवाले, बंबवाले, पोलीस, वीजवाले, स्वयंपाकी, झाडून सगळ्यांना बोलावणं असायचं. आरोग्य खात्याला नसायचं. त्या साली फिनेलबाई बोलावण्याची वाट न बघता गेली, आणि खुर्ची मिळणार नाही हे ओळखून दवाखान्यातलं स्टूल काखेत मारून गेली. भिंतीवर शहराचा नकाशा होता, त्यात रंगीत टाचण्या टोचलेल्या. ती स्टुलावर बसली आणि चष्मा पुसत नकाशा वाचू लागली.

"व्याहीबुवा, यात होड्या आहेत, दोर आहेत, कढया आहेत. फोटोग्राफर कुठे उभा राहणार त्याचीसुद्धा टाचणी आहे. डॉक्टर कुठे आहे?"

"दवाखान्यात," भोंगा म्हणाला. "तिथेच शोभतो तो."

"लोक छावणीत राहणार. तिथलं पाणी कोण तपासणार? संडास कुठे खणायचे हे कोण सांगणार? रोज इंजेक्शन घेणारे असतील, दिवस भरलेल्या बायका असतील, त्यांचं काय?"

"विहीणबाई, माणसाला पाण्यातून काढणं हे माझं काम. नंतर त्याला शिंक आली तर ते तुमचं. पूर ओसरला की बोलावतो ना तुम्हाला. मानाने बोलावतो."

"म्हणजे आग लागल्यावर विहीर खणायची."

"पुरात विहीर कशाला हवी?"

सगळी बैठक हसली. बंबवाले तर इतके हसले की एकाची शिटी गिळायची राहिली. फिनेलबाई हसणाऱ्यांचे दात मोजल्यासारखी एकेकाकडे बघत राहिली.

मग तिने शिक्क्याची गोष्ट काढली. हा शिक्का म्हणजे भोंग्याचा स्वतःचा शोध. पुरातून काढलेला माणूस छावणीच्या फाटकात आला की त्याच्या मनगटावर जांभळा शिक्का बसायचा, 'सुखरूप'. शिक्का बसलेल्याला पूर ओसरेपर्यंत बाहेर सोडायचं नाही, कारण मागे एकजण सायकल आणायला म्हणून परत गेला होता आणि सायकलीसकट सापडला होता. शिक्का नसलेला आत दिसला तर त्याला उचलून बाहेर टाकायचं, कारण मागे अर्धा बाजार पूर नसलेल्या गल्लीतून येऊन फुकट जेवून गेला होता. दोन्ही नियमांना कारण होतं, हे मान्य करायलाच हवं. आणि संध्याकाळी वरच्या साहेबांना कळवायचं: इतके सुखरूप, मृत्यू एकही नाही. भोंग्याच्या सगळ्या नोकरीत तो आकडा शून्याच्या वर गेलेला नव्हता; सायकलवाला छावणीबाहेर सापडला म्हणून मोजलाच नव्हता. एकदा शिक्का बसला की माणूस त्याच्या लेखी अमर होता.

"आणि शिक्का बसलेला माणूस आजारी पडला तर?" फिनेलबाईने विचारलं.

भोंगा खरोखरच कोड्यात पडला. "सुखरूप माणूस आजारी कसा पडेल?"

नदीने त्या साली बैठकीचा मान राखला नाही. ती अशी चढली की खालच्या पेठेतल्या लोकांनी झोपाळ्यावर बसून मासे पकडले म्हणतात. भोंगा मात्र आपल्या कामात वाघ होता, हे त्याच्या वैऱ्यानेही नाकारू नये. होड्या सुटल्या, दोर पडले, गच्च्यांवरून माणसं उतरली. एकजणही बुडाला नाही. सगळ्यांना टेकाडावरच्या बंद कापडगिरणीच्या गोदामात नेलं. लोकांना विश्वास वाटावा म्हणून भोंग्याने स्वतःच्या आईलाही तिथेच ठेवलं. तिचं घर खरं तर कोरडं होतं. तिच्या मनगटावर शिक्का मारताना त्याने फोटो काढून घेतला.

पाव विकणारा गिरणीत पाव टाकून परत निघाला तो तडक दवाखान्यात आला.

"बाई, तिकडे भली मोठी रांग लागलीय."

"जेवणाची?"

"जेवणाची असती तर मी आलो असतो का तुमच्याकडे? जेवण तसंच पडलंय. रांग मागच्या बाजूला आहे. आणि काहींना रांगेत उभं राहायची ताकद नाही, ते भिंतीलाच बसलेत."

फिनेलबाईने पुढचं ऐकलं नाही. सलाईनच्या बाटल्या, मीठ-साखरेच्या पुड्या, ब्लीचिंग पावडर, स्पिरिट असं सगळं पिशवीत कोंबलं, नर्सला सांगितलं, "जेवढ्या हातगाड्या मिळतील तेवढ्या घे, उकळलेलं पाणी भरून घे आणि गिरणीच्या फाटकाबाहेर उभी राहा," आणि ती निघाली.

फाटकावर खांब उभा होता. पहारेकऱ्याला हे नाव त्याच्या उंचीमुळे पडलं, असं त्याची बायको सांगते. ओळखीचे लोक दुसरं कारण सांगतात.

"पास?" खांब म्हणाला.

"मी डॉक्टर आहे."

"होडीवाला चालेल, बंबवाला चालेल, स्वयंपाकी, वीजवाला, फोटोग्राफर चालेल. डॉक्टर साहेबांनी सांगितलेला नाही."

"आत लोक मरतायत रे!"

"आत सगळे सुखरूप आहेत. शिक्के मीच मारलेत."

फाटकाच्या गजांमागे एक म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. चौकातला घड्याळजी. सगळ्या शहराच्या घड्याळांची नाडी बघणारा हा माणूस आता असा दिसत होता की कुणी त्याला आतून पिळून वाळत घातलंय. डोळे खोल गेलेले, बोटांची कातडी सुरकुतलेली. त्याची बायको पदराने वारा घालत होती. "सकाळपासून विनवतेय याला," ती खांबाकडे मान करून म्हणाली. "दवाखान्यात जाऊ दे म्हणून. हा म्हणतो शिक्का बसलाय."

"साहेबांना विचार," फिनेलबाई खांबाला म्हणाली. "माझ्यासमोर विचार."

खांबाने वायरलेस कानाला लावला. पलीकडचा आवाज गजांनाही ऐकू गेला. "कोण? विहीणबाई? त्यांना म्हणावं, पूर ओसरला की बोलावतो. आणि टाक्यांत डोकावायचं असेल तर स्वतःच्या घरच्या टाकीत डोकावा!"

फिनेलबाईच्या कानशिलाची शीर उडाली. व्याह्याला शिव्या देण्यात वेळ घालवायची तिची फार इच्छा होती, आणि शिव्या तयारही होत्या. पण गजांमागचा माणूस शिव्यांवर तग धरणार नव्हता. आत जायला एकच वाट होती. ती वळली आणि टेकाड उतरून सरळ पाण्यात शिरली.

रस्त्यावर पाणी गढूळ होतं, पण उथळ. ती पिशवी डोक्यावर धरून मधोमध उभी राहिली आणि आभाळाकडे बघत ओरडली, "वाचवा!"

होडीवाल्याने वल्हं थांबवलं. "बाई, गुडघाभर पाणी आहे तिथं. चालत या."

फिनेलबाईने त्याच्याकडे तुच्छतेने पाहिलं आणि ती खाली बसली. पाणी गळ्याशी आलं. "आता?"

"आता बसल्या आहात तुम्ही."

"बसल्यावर बुडतेय. उभी राहायचा माझा विचार नाही. काढतोस की साहेबांना सांगू, तुझ्या होडीसमोर बाई बुडाली आणि तू वल्ह्याला टेकून गप्पा मारत होतास?"

होडीवाल्याने डोक्याला हात लावला आणि तिला उचललं. फाटकात खांबाने तिच्याकडे पाहिलं, तिच्या ठिबकणाऱ्या लुगड्याकडे पाहिलं, नियम आठवला, आणि तिच्या मनगटावर शिक्का मारला.

आत जाताच ती घड्याळजीपाशी बसली. त्याच्या हाताला सुई लावायला गेली तर शीर सापडेना. या हाताला नाही, त्या हाताला नाही. अंगात पाणीच उरलं नव्हतं तर शीर वर येणार कशी? ओठांत मीठ-साखरेचं पाणी सोडलं, ते गालावरून खाली आलं. बायको म्हणत होती, "आता बरं वाटेल हं, डॉक्टरीण आलीय." तो बायकोकडे बघत राहिला. थोड्या वेळाने बघणं तेवढं राहिलं, बघणारा राहिला नाही.

फिनेलबाईने त्याचे डोळे मिटले. बायकोच्या खांद्यावर तिने हात ठेवला, पण तिला रडायला सोबत देण्याइतकी उसंत नव्हती, आणि याची चीड तिच्या हातापायांत उतरली. गोदामात कापसाच्या गठ्ठ्यांवर, रंगाच्या हौदांच्या कडेला, जिथे बघावं तिथे माणसं आडवी होती. पिण्याच्या पाण्याचं पिंप दारात, त्याला साखळीने बांधलेला एकच पत्र्याचा पेला. ती मागच्या दाराने बाहेर गेली. विहीर तिथेच होती. संडासाचे खड्डे विहिरीच्या वरच्या अंगाला, उतारावर खणले होते. पुढच्या बाजूला जागा होती, पण पुढे वरचे साहेब येणार, फोटो निघणार, म्हणून हा पाहुणचार मागे. पावसाने खड्डे भरले की त्यातलं पाणी उतरून विहिरीच्या भेटीला येणार, हे कळायला डॉक्टर लागत नाही. पण नको तिथे लाज वाटणारा माणूस नकाशावर टाचणी टोचणारा असला की असं होतं.

तिने लाथ मारून पिंप आडवं केलं. "या विहिरीचं पाणी कुणी प्यायचं नाही! तहानेने जीव गेला तरी नाही! बाहेर नर्सकडे उकळलेलं पाणी आहे, गजांतून घ्या!"

"आलीस का?" एका गठ्ठ्यावरून क्षीण आवाज आला. "इथेही पाल सापडली वाटतं."

भोंग्याची आई. लिंबाएवढं तोंड झालेलं, पण जीभ शाबूत.

"पाल असती तर बरं होतं, आजी. हात द्या इकडे."

"दोन दिवसांत जेवढं बाहेर गेलंय ना, तेवढं मी जन्मात खाल्लं नव्हतं. माझा भोंगा कुठाय?"

"फोटो काढतोय."

म्हातारीची शीर मनगटाजवळ, अगदी शिक्क्याखाली सापडली. फिनेलबाईने कापूस स्पिरिटमध्ये बुडवून मनगट पुसलं. सुई लावली, सलाईन सुरू केली, बाटली गठ्ठ्याच्या हुकाला अडकवली. एवढ्यात शेजारी सावली पडली. खांब.

"हिचा शिक्का कुठाय?"

फिनेलबाईने पाहिलं. मनगट कोरं होतं. कापूस जांभळा झाला होता.

"शिक्का नसलेली बाई आत काय करतेय?" खांब म्हणाला. "बाहेर! चला, बाहेर!" आणि त्याने म्हातारीला बाटलीसकट उचललं, फाटकाबाहेर नेलं आणि नर्सच्या हातगाडीवर आणून ठेवलं. कुणाची आई आहे हे त्याला ठाऊक होतं. पण नियमात आईसाठी वेगळं कलम नव्हतं.

फिनेलबाईने हातातल्या जांभळ्या कापसाकडे पाहिलं. मग तिने स्पिरिटची बाटली उघडली.

पुढचा प्रकार बघायला आपण तिथे होतो असं शहरातल्या निम्म्या लोकांनी नंतर सांगितलं. ते खरं मानलं तर गोदाम शहराएवढं असायला हवं. बाई पुढे, आजाऱ्यांची मनगटं पुसत चाललेली, आणि मागून खांब, "हाही बिनशिक्क्याचा! हीसुद्धा! काय लोक आहेत, कुठून कुठून घुसतात!" म्हणत एकेकाला उचलून बाहेर टाकत चाललेला. घामाने निथळला बिचारा. आयुष्यात त्याने एवढं सार्वजनिक आरोग्याचं काम कधी केलं नव्हतं, आणि ते कळलं असतं तर लगेच थांबवलं असतं. गाड्या भरून दवाखान्याकडे पळत होत्या आणि रिकाम्या होऊन परत येत होत्या. म्हातारी मात्र फाटकाबाहेरच अडून बसली. "पोराला बघितल्याशिवाय हलणार नाही. बाटली धरून उभी राहा गं," तिने नर्सला सांगितलं.

पोरगा आलाच. हातात कर्णा घेऊन, आणि वाटेतूनच त्यातून ओरडत. "कोण माझी छावणी रिकामी करतंय? खांबा! फाटक बंद!"

मग त्याला गाडीवरची आई दिसली. कर्णा खाली आला.

"आई? तू बाहेर कशी?"

"तुझ्याच माणसाने फेकली. चांगलं केलं. आत मेले असते."

"काही होत नाही तुला. तू सुखरूप आहेस. खांबा, शिक्का आण!"

म्हातारीने सलाईनचा हात छातीशी घेतला आणि दुसऱ्या हाताने अशी काही चपराक उगारली की भोंगा, एवढा मोठा साहेब, मागे सरला. "शिक्का घेऊन पुढे आलास तर याद राख. तुझ्या विहिरीचं पाणी पी आधी. पेलाभर. माझ्यासमोर पी."

भोंगा प्यायला नाही. तो फिनेलबाईकडे वळला. "आईला पढवलंत? घर फोडायला मुलगी दिली होती का माझ्या घरात?"

"मुलगी दिली ती तुमच्या मुलाला. तुम्हाला दिली असती तर आधी विष दिलं असतं," फिनेलबाई म्हणाली. "या आत. तुम्हाला एक माणूस दाखवायचाय."

घड्याळजी तसाच भिंतीशी होता. बायकोने त्याच्यावर पदर पांघरला होता, एक हात बाहेर राहिला होता. मनगटावर जांभळी ठसठशीत अक्षरं. भोंग्याने ती वाचली. स्वतः निवडलेला शब्द माणूस किती वेळ वाचू शकतो, हे तेव्हा दिसलं.

"हा पुरात गेलेला नाही," तो शेवटी म्हणाला. "याला आम्ही वाचवला होता."

"हो. शिक्का आहे ना."

भोंग्याने इकडेतिकडे पाहिलं. वरचे साहेब निघाले होते, थोड्या वेळात गाडी टेकाड चढणार होती. त्याने आवाज खाली आणला, आणि त्याचा आवाज खाली येऊ शकतो हे विहिणीला पहिल्यांदाच कळलं. "विहीणबाई, तुम्ही इतक्यांचे पुसलेत. याचाही पुसा. बिनशिक्क्याचा, कुठून तरी घुसलेला म्हातारा. मग तो माझ्या छावणीतला नाही. त्या बदल्यात तुम्हाला काय हवं ते बोला. बैठकीत खुर्ची? दिली. नकाशावर टाचणी? दिली. छावणीची जागा, पाणी, संडास तुम्हाला विचारल्याशिवाय ठरणार नाही. पुढच्या पुराच्या आधी, नंतर नाही. शब्द देतो."

 हेच तर फिनेलबाई दरसाल मागत होती. यासाठीच स्टूल घेऊन गेली होती, यासाठी पाण्यात बसली होती. पुढच्या पुरातली किती माणसं या एका मनगटाच्या मोबदल्यात वाचतील, याचा हिशोब तिला तोंडपाठ होता. तिने घड्याळजीच्या बायकोकडे पाहिलं. बायकोने सगळं ऐकलं होतं. तिने नवऱ्याचा तो हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि त्यावर आपला हात झाकण ठेवल्यासारखा ठेवला. 

"शब्द कानात नको," फिनेलबाई भोंग्याला म्हणाली. "कर्ण्यातून द्या. सगळ्यांना ऐकू जाऊ दे. मग बाटलीचं बघू."

भोंग्याने दात खाल्ले, कर्णा तोंडाला लावला, आणि टेकाडापासून बुडलेल्या पेठेपर्यंत ऐकू गेलं: फाटक उघडं, विहीर बंद, इथून पुढे आपत्तीच्या प्रत्येक बैठकीत आरोग्य खातं पहिल्या खुर्चीवर, छावणी त्यांच्या सहीशिवाय उघडणार नाही. गच्च्यांवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका होडीतून कुणीतरी "पुन्हा सांगा!" म्हणून ओरडलं, आणि चिडलेल्या भोंग्याने पुन्हा सांगितलं.

मग त्याने हात पुढे केला. "द्या."

फिनेलबाईने पिशवीतून बाटली काढली आणि त्याच्या तळहातावर उपडी केली. एक थेंब पडला नाही.

"संपलं," ती म्हणाली. "जिवंत माणसांवरच संपलं. शेवटचा कापूस तुम्ही यायच्या आधीच संपला होता."

भोंग्याच्या मानेवरची शीर टरारली. "माहीत होतं तुम्हाला."

"माहीत होतं."

"हे मी विसरणार नाही. मरेपर्यंत विसरणार नाही."

"विसरूच नका. आणि आता त्या बाजूने धरा. याला उन्हात ठेवायचा नाही, आणि खांब दमलाय."

टेकाडाच्या वळणावर वरच्या साहेबांची गाडी दिसू लागली होती. भोंगा तिच्याकडे बघत उभा राहिला, मग वाकला. घड्याळजीच्या बायकोने मांडीवरचा हात सोडला नाही, म्हणून त्याला पायांकडून धरावं लागलं.